मधल्या पायरीची गाडी

माझ्या पिशवीत एक नारळ, चार-पाच लिंबं आणि हळदकुंकवाच्या पुड्या होत्या, आणि मनात एकच इच्छा होती, की ती गाडी सडलेली निघावी.

स्वोर्ड्सहून पहिली बस धरली. स्वोर्ड्स म्हणजे डब्लिनच्या विमानतळाला चिकटलेलं गाव. इथले निम्मे लोक विमानतळावर कामाला जातात आणि उरलेले त्यांना खाऊपिऊ घालतात. मी दुसऱ्या निम्म्यातला. एका इंडियन रेस्टॉरंटात तंदूर सांभाळतो. दोन दिवसांची सुट्टी मागायला मला पंधरा दिवस धीर होत नव्हता. मालक एका शब्दात "जा की" म्हणाले, तरी बसमध्ये बसल्यावर मी त्यांना पुन्हा मेसेज केला, की चिकन मुरवून ठेवलंय, कणीक फ्रीजमध्ये डावीकडे आहे, आणि तंदूर पेटवताना झाकण आधी काढा. माझं वर्क परमिट त्यांच्या नावाशी बांधलेलं आहे. ते कार्ड शर्टाच्या आतल्या खिशात आहे ना, हे सँट्रीचा थांबा यायच्या आत मी दोनदा चाचपलं. नववीत शाळा सुटलेल्या माणसाला ही खोडच लागते. त्याचे सगळे महत्त्वाचे कागद दुसऱ्या कोणीतरी वाचलेले असतात.

डब्लिनहून कॉर्कची रेल्वे रिकामी होती. बाहेर हिरवंच हिरवं, आणि त्यात लग्नात जेवून सुस्तावलेल्या पाहुण्यांसारख्या बसलेल्या गायी. समोरच्या सीटवर टोपी घातलेला एक म्हातारा होता. त्याने विचारलं, "कुठं निघालास?"

"कॉर्क."

"पहिल्यांदा?"

"हो."

"मग आता खरी राजधानी बघशील," तो गंभीरपणे म्हणाला. "डब्लिनला आम्ही फक्त सरकार ठेवलंय, कॉर्कात घाण नको म्हणून."

मला हसू आलं. आमच्या सांगलीकरांचं आणि कोल्हापूरकरांचंही असंच चाललेलं असतं.

कॉर्क स्टेशनवर अभिदादा आला होता. डॉक्टर अभिजित, कॉर्कच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात हाडांचा डॉक्टर. तो माझ्याहून चार महिन्यांनी लहान आहे. तरी मी त्याला दादा म्हणतो आणि तो मला मधू, कारण माझे वडील त्याच्या आजोबांचे ड्रायव्हर होते. बंगल्यात तो राहायचा आणि फाटकाजवळच्या खोलीत आम्ही. मी आज या देशात उभा आहे तोही त्याच्यामुळेच. तंदूरवाल्याची जागा आहे हे त्याने कळवलं, मालकांशी तो बोलला, विमानतळावर घ्यायला आला. माझा पहिला हिवाळा त्याच्या जुन्या जॅकेटात निघाला. हे मी विसरत नाही, आणि तिथंच घोळ होतो. ज्याने आपलं वाईट केलं त्याच्यावर बिनधास्त जळता येतं. ज्याने भलं केलं त्याच्यावर जळायचं तर ते गुपचूप, त्याच्याच जॅकेटात हात घालून जळावं लागतं.

"नारळ आणलास?" त्याने पहिलं हेच विचारलं.

"आणला."

"शाब्बास. आज गाडी बघायची, उद्या पूजा करूनच निघायचं."

रस्त्याला लागण्याआधी तो मला कॉर्कच्या जुन्या बाजारात घेऊन गेला. छताखालचा बाजार, ओट्यावर बर्फात निजलेले मासे. एका दुकानात ड्रिशीन (गाईमेंढीच्या रक्ताचं राखाडी सॉसेज) टांगलेलं होतं आणि त्याखाली पांढरीशुभ्र वजडी. मी दुकानदारणीला विचारलं, हे शिजवता कसं?

"कांदा घालून दुधात, राजा."

"दुधात?"

"मग कशात?"

"आमच्याकडे तिखटात. रस्सा लालभडक."

"अरे देवा," ती म्हणाली, "बिचाऱ्या गाईने असं काय केलं होतं तुमचं?"

अभिदादा खो खो हसला. तो कुठेही असा हसू शकतो. मी आधी आजूबाजूला बघतो आणि मग हसतो.

कॉर्क सोडून पश्चिमेला लागलो, तसा रस्ता अरुंद होत गेला. दोन्ही बाजूंना कुंपणाच्या झुडपांना लाल घंटांसारखी फुलं लोंबत होती, पलीकडे दगडी बांध, आणि मधूनच एखाद्या वळणावर समुद्र डोकावून जायचा. समोरून येणारा प्रत्येक गाडीवाला स्टिअरिंगवरून एक बोट उचलायचा आणि अभिदादाही उचलायचा.

"ओळखीचे?" मी विचारलं.

"छे. इकडे खेड्यात असंच. बोट नाही उचललं तर शिष्ट समजतात."

मला त्या बोटाचाही हेवा वाटला. डब्लिनकडे माझ्यासाठी अजून कोणी बोट उचललेलं नाही.

मग तो मूळ विषयाकडे आला. "मधू, आपली ऑर्डवे आठवते?"

'आपली' म्हणाला तो. मी म्हणालो, "आठवते की. खालून हिरवी, वर सायीचा रंग."

"आणि बॉनेटवर?"

"बगळा."

"बगळा!" त्याने स्टिअरिंगवर थाप मारली.

ऑर्डवे ही अमेरिकन गाडी. आता तिचं नावही कोणाला माहीत नाही, पण एके काळी तिचा रुबाब होता. अभिदादाने जाता जाता तिची सगळी कुंडली मांडली. ज्या कंपनीची ही गाडी, तिच्याकडे एक स्वस्त गाडी होती, शेतकऱ्यांसाठी आणि कारकुनांसाठी. एक महाग होती, गिरणीमालकांसाठी. आणि या दोघींच्या मधल्या पायरीवर ऑर्डवे. ती डॉक्टर घ्यायचे, हेडमास्तर घ्यायचे, बरं चाललेले दुकानदार घ्यायचे. म्हणजे ज्यांचं नुकतंच बरं झालंय आणि ते शेजाऱ्यांना कळावं असं ज्यांना वाटतं, ते सगळे. कंपनीच्या जाहिरातीत म्हणे गाडी कोपऱ्यात असायची. मोठं चित्र असायचं ते पडद्याआडून बघणाऱ्या शेजारणीचं.

"म्हणजे जळवायलाच बनवलेली गाडी," मी म्हणालो.

"अगदी तेच!"

सांगलीत ती आबासाहेबांनी, म्हणजे अभिदादाच्या आजोबांनी आणली. हळदीचे व्यापारी ते. एका वर्षी हळदीला भाव चांगला लागला आणि मुंबईच्या एका पारशाकडून ही गाडी घरी आली. अख्खी पेठ बघायला लोटली होती, असं आण्णा सांगतात. आण्णा म्हणजे माझे वडील. ते तरणे असताना त्या गाडीवर लागले. मला कळायला लागलं तेव्हा गाडी म्हातारी झाली होती, पण आण्णा रोज सकाळी रॉकेलच्या बोळ्याने बगळा असा चमकवायचे, की त्यात तोंड बघून भांग पाडावा.

तिकडे अमेरिकेत ऑर्डवे केव्हाच बंद पडली होती. इथे तिचे पार्ट मुंबईच्या भंगारबाजारातून यायचे, मग तेही संपले. मूळ इंजिन काढून कसलंसं डिझेल इंजिन बसवलं, तेव्हा तिचा आवाज ट्रॅक्टरसारखा झाला आणि आबासाहेब तिच्यात बसेनासे झाले. शेवटी ती हळदीच्या गोदामात पोत्यांमागे गेली. गाडीच नाही तर ड्रायव्हर कशाला, म्हणून आण्णांचं काम गेलं. आम्ही फाटकाजवळची खोली सोडली. मी नववीत होतो. त्या जूनमध्ये शाळेऐवजी स्टँडजवळच्या हॉटेलात कांदा कापायला लागलो.

हे मी अभिदादाला सांगितलं नाही. त्याला माहीतच आहे, फक्त असं ओळीने लावून त्याने कधी पाहिलं नसेल. पण माझ्या मनातली गोष्ट खरी सांगायची तर, ती गाडी गेली तेव्हा त्यांच्या घरातली निदान एक वस्तू आमच्यासारखी झाली होती. संपलेली. आता ती परत येणार होती, आणि तीही त्याच्याकडेच.

अभिदादा विकत घेणार होता ती तसलीच दुसरी ऑर्डवे होती डेनिस नावाच्या म्हाताऱ्याकडे. तो तरुणपणी अमेरिकेत ऑर्डवेच्या कारखान्यात कामाला होता आणि परत येताना स्वतःची गाडी बोटीतून घेऊन आला. अभिदादाचं त्याच्याशी फोनवर सगळं ठरलं होतं. म्हातारा म्हणाला होता, "या, चहा घ्या, गाडी बघा, हात मिळवू."

शेवटचा रस्ता म्हणजे बोरीन (दोन बांधांमधली एका गाडीपुरती वाट) होती. वाटेच्या मधोमध गवत वाढलं होतं. एका वळणावर ट्रॅक्टर समोर आला आणि अभिदादाला पाऊण फर्लांग मागे जावं लागलं. डावा आरसा दगडाला घासला. ट्रॅक्टरवाल्याने जाताना एक बोट उचललं. अभिदादानेही उचललं, पण जरा नाराजीने.

घराशेजारच्या शेतात चाकांचे पुष्कळ वळ उमटले होते, जणू काल तिथं जत्रा भरली होती. फाटकात काळा स्वेटर घातलेली एक बाई उभी होती. ही आयलीन, डेनिसची भाची. खालच्या बंदरावर तिचं राहण्या-न्याहारीचं घर होतं आणि आमची खोलीही तिथेच ठरली होती. ती म्हणाली, "डेनिस गेला. काल पुरला. तुम्ही तोवर निघण्याच्या तयारीत असाल म्हणून कळवलं नाही. नोरा म्हणाली, त्याने शब्द दिलाय, तेव्हा त्यांना येऊ दे."

नारळाची पिशवी मी पायांमागे ढकलली.

नोरा, म्हणजे त्याची बायको, स्वयंपाकघरात बसली होती. बारीक, ताठ, पांढरे केस मागे घट्ट बांधलेले. टेबलावर शेजाऱ्यांनी आणलेल्या केकच्या, सँडविचच्या, मांसाच्या बश्या रचून ठेवलेल्या. भिंतीवर येशूच्या तसबिरीखाली लाल दिवा. आम्ही हात जोडले. ती म्हणाली, "बसा, चहा टाकते."

"नको, नको," आम्ही दोघं एका सुरात म्हणालो.

"थेंबभर?"

"नको, खरंच नको."

तिने किटली पुन्हा खाली ठेवली.

गाडी गवताच्या गोठ्यात होती. ताडपत्री काढली आणि माझी आशा मावळली. सडलेली? कसली सडलेली! थोडी कोंबड्यांची शीट होती छतावर, सीटचं कातडं एका ठिकाणी उसवलेलं, पण दारं अशी बंद होत होती, की जणू तिजोरी. निळा रंग, वर पांढरा. आणि पुढे बगळा, मान ताणून. अभिदादाने त्याच्यावरून एक बोट फिरवलं आणि ते बोट तो बघत राहिला.

त्याने एक शब्द काढला नाही. मीही नाही. दारातून कालच मढं गेलेलं असताना व्यवहार बोलतात का कोणी? बंगल्यातली आई आणि फाटकाजवळची आई, दोघींनी आम्हाला अगदी एकच शिकवलं होतं: सुतकाच्या घरी चहापाणी घ्यायचं नाही, कामाचं बोलायचं नाही, आणि निघताना 'येतो' म्हणायचं नाही, कारण अशा कारणासाठी त्या घरी पुन्हा यायची वेळ येऊ नये. आम्ही खाली मान घालून, मागे न बघता, फाटकाबाहेर पडलो.

"तेराव्यानंतर फोन करेन," गाडीत अभिदादा हळूच म्हणाला.

"बरोबर आहे."

आयलीनच्या घरी संध्याकाळी माशांचं दाट सूप आणि सोडा घातलेला काळपट ब्रेड मिळाला. ब्रेड इतका चांगला होता, की मी कृती विचारली. तिने "ताक" एवढं एकच सांगितलं आणि बशी जरा जोरात ठेवली. मी पिशवीतली लिंबं तिला दिली, माशांवर पिळायला. तिने ती घेतली, पण तोंडावरची सुरकुती हलली नाही. थकली असेल, असं मला वाटलं.

सकाळी अभिदादा हॉस्पिटलच्या फोनसाठी बाहेर धक्क्यावर गेला, तिथे म्हणे रेंज बरी येते. मी एकटाच न्याहारीला बसलो. आयलीनने अंडी वाढली आणि तशीच उभी राहिली.

"तुमच्या मित्राला गाडी पसंत नसेल तर तसं सांगायचं होतं."

"पसंत? पसंत आहे की."

"मग काल काय होतं ते? दोन दिवसांत त्या घरी पंचक्रोशी येऊन गेली. चहा न घेता गेलेले तुम्ही दोघंच. आणि जाताना पाठ फिरवलीत, 'येतो' नाही, काही नाही. नोरा काल जेवली नाही. मला म्हणाली, आमच्या कपात काय खोट होती त्यांना?" तिने हात पुसले. "असो. लिमरिकहून एक लग्नाला गाड्या भाड्याने देणारा येतोय दुपारी. नोरा त्याला देणार. पांढरी रंगवणार म्हणतो, आणि पक्षी काढून तिथे गुच्छ लावणार."

ती आत गेली. मला काय वाटलं ते सरळच लिहितो: मला बरं वाटलं. अंड्यांना चव आली. मला काहीच करायचं नव्हतं. फक्त अंडी संपवायची, अभिदादा परत आला की निघायचं, आणि तेराव्यानंतर त्याने फोन केला की त्याला कळणार होतं. गाडी गेली असती, पुन्हा एकदा, आणि या वेळी माझी शाळा न घेता.

पण त्या कपाच्या शब्दापाशी मी काटा खाली ठेवला. बंगल्याच्या मागच्या ओसरीवर, कोनाड्यात, आण्णांचा कप उपडा असायचा. कान तुटलेला, निळ्या फुलांचा. घरातल्या कपांत तो कधी मिसळायचा नाही. आण्णांनी स्वतः विसळून पुन्हा तिथेच ठेवायचा. आण्णा त्याबद्दल कधी बोलले नाहीत. पण आम्ही खोली सोडली त्या दिवशी त्यांनी तो कप उचलून गटारात फोडला, आणि मग आईने विचारलं, तर म्हणाले, "हातातनं निसटला." आणि आता एका म्हातारीला वाटत होतं, की आम्ही तिच्या कपाला तोंड लावायला तयार नव्हतो.

मी उठलो आणि चालायला लागलो. चढाची वाट, बाजूला समुद्र, पायांत हॉटेलचे काळे बूट. दोन गाड्या गेल्या. दोघांनीही बोट उचललं. दुसऱ्याला मीही उचललं.

नोरा मागच्या दाराशी कोंबड्यांना दाणे टाकत होती. मला बघून तिने भुवया वर केल्या. माझं इंग्रजी किचनमधलं, ऑर्डरपुरतं. ते सगळं गोळा करून मी म्हणालो, "मॅडम, आमच्या देशात... घरात माणूस जातो, तेव्हा आम्ही त्या घरी चहा नाही घेत. घरच्यांना त्रास नको म्हणून. बाय पण नाही म्हणत. म्हणालो तर पुन्हा यावं लागतं, असल्याच कामाला. हा मान आहे. आम्ही दोघांनी खूप मान दिला."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतेय, पण ती हसत होती.

"म्हणजे तुम्ही इतका मान दिलात," ती म्हणाली, "की माझी उपासमार झाली?"

"सॉरी, मॅडम."

"आत ये. आता घेशील?"

"आता घेईन."

"पहिल्यांदा नको म्हण. मग मी आग्रह करते. आमच्याकडे अशी पद्धत आहे."

"नको," मी म्हणालो.

"ग्रँड," ती म्हणाली (म्हणजे 'झकास') आणि किटली ठेवली.

चहा काळाकुट्ट होता, चमचा उभा राहील असा. सोबत हॅमचं सँडविच, सफरचंदाचा केक, पुन्हा सँडविच. ती रिकामी होणारी एकेक बशी उलटी करून दाखवायची. खाली पट्टी चिकटवून शेजारणीचं नाव लिहिलेलं. "बश्या परत करायला अख्खं गाव हिंडावं लागेल," ती म्हणाली. "डेनिस असता तर गाडीतून मिरवत केलं असतं."

मग ती डेनिसबद्दल बोलायला लागली. तो कारखान्यात दारं बसवायचा. ऑर्डवेची दारं. आठवड्यामागून आठवडे तीच दारं. सुरुवातीला त्याला फार अभिमान. रविवारी चर्चबाहेर डॉक्टरांची ऑर्डवे दिसली, की नोराला म्हणायचा, ते दार माझं. मग एक दिवस त्याच्या सरकत्या पट्ट्यावरून दार आलं ते त्याने बसवलं आणि वर बघतो तर ती स्वस्तातली गाडी. दार तेच, फक्त मूठ वेगळी. पुढच्या वर्षी महागाच्या गाडीलाही तेच दार. "त्या संध्याकाळी घरी आला आणि म्हणाला, नोरा, ऑर्डवे संपली. कोण वर चढलाय आणि कोण नाही हे जर दारातून कळत नसेल, तर लोक मधल्या पायरीचे पैसे कशाला देतील?" स्वस्तातली गाडी लांब होत गेली, महागाची जरा स्वस्त झाली, आणि मधलीला उभं राहायला जागा उरली नाही. बाजार मंदावल्यावर कंपनीने आधी तीच बंद केली.

"शेवटच्या गाड्यांपैकी ही एक," ती म्हणाली. "इथे आणली तेव्हा अख्खं गाव जळून खाक झालं. पाद्रीबुवासुद्धा. नंतर पेट्रोल महागलं, नंतर पोरं हसायला लागली, नंतर कोंबड्या शिरल्या. आणि मी? मी तर पहिल्या दिवसापासून जळत होते."

"तुम्ही कशाला? तुमचीच गाडी."

"त्याच्या शेजारच्या सीटवर त्याची आई बसायची. अकरा वर्षं! मी मागे, मांडीवर पोर आणि नाकात त्या बाईच्या टोपीचं पीस."

मी इतका हसलो, की सँडविच घशात गेलं. सासवा सगळीकडे पुढच्याच सीटवर बसतात.

"तुझ्या मित्राकडे होती म्हणे अशीच," तिने विचारलं. "तुझ्याकडेही?"

"नाही. माझे वडील चालवायचे. त्यांची."

तिने माझ्या कपात आणखी चहा ओतला.

तेवढ्यात बाहेर गाडी थांबली आणि अभिदादा धापा टाकत दारात आला. आयलीनने त्याला सगळं सांगितलं असणार. त्याने आधी मला पाहिलं, मग माझ्या हातातला कप.

"मधू! अरे, सुतक आहे!"

"दादा, गप बस आणि चहा घे. आधी नको म्हण."

आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला गप बस म्हणालो. तो बसला. नोराने त्याला मोठा कप दिला. बश्या संपेपर्यंत तिने गाडीचा विषय काढला नाही. मग उठली, कोट घातला, खुंटीवरची किल्ली घेतली आणि म्हणाली, "बोरीनच्या टोकापर्यंत चालवून दाखव. डेनिस दर रविवारी सुरू करायचा, तेव्हा होईल."

ती पुढे जाऊन बसली, कोणाला काही विचारायच्या आत. अभिदादा स्टिअरिंगवर. मी मागचं दार उघडलं आणि आत बसलो.

गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबावर. अभिदादाने गाडी दोनदा बंद पाडली. तिसऱ्यांदा ती उसळी मारून निघाली आणि आम्ही कोंबड्या पांगवत बोरीनमध्ये शिरलो. पुढे नोरा ताठ बसली होती, काच खाली, कोपर बाहेर.

टोकाच्या अलीकडे समोरून एक चकचकीत व्हॅन आली आणि नाकासमोर नाक थांबली. लग्नाच्या गाड्यावाला, लिमरिकचा. बोरीनमध्ये दोघांपैकी एकाने मागे जायचं असतं. अभिदादाला रिव्हर्स सापडेना. तो दांडा इकडे करतोय, तिकडे करतोय, मानेला घाम. अखेर नोराने डोकं बाहेर काढलं.

"तूच जा मागे, सायमन. ही दिली."

"अहो, पण आपलं बोलणं..."

"तुझ्याशी बोलणं झालं होतं. यांच्याशी चहा झालाय."

व्हॅन मागे मागे गेली. सायमनने जाताना बोटही उचललं नाही. अभिदादाने मात्र उचललं.

नोराशी हात मिळवताना त्याचे डोळे भरले होते. मला मिठी मारून म्हणाला, "मधू, तू नसतास तर गेली होती." मी म्हणालो, "असू दे, दादा." नारळ त्याने फोडला नाही, म्हणाला, तेराव्यानंतर. मग तो मी परत पिशवीत टाकला. निघताना नोराने फाटकात थांबवून आम्हाला दोन-दोनदा बाय म्हणायला लावलं.

कॉर्कहून परतीच्या रेल्वेत आधी मालकांना मेसेज केला, की उद्या वेळेत कामावर येतोय. मग विचार करत बसलो. माझा हेवा गेला का? नाही. गाडी अभिदादाच्या अंगणात येणार, तो ती धुणार, त्याची पोरं तिच्याबद्दल इथल्या हेलाच्या इंग्रजीत शाळेत सांगणार, आणि मी स्वोर्ड्सच्या तंदूरसमोर उभा राहून ते मनात चघळणार. भलं करून हेवा जातो असं कोणी सांगत असेल तर त्याने ते करून पाहिलेलं नाही. फक्त एवढं झालं, की ती गाडी सडलेली निघावी असं आता वाटत नाही. दार फार चांगलं लागतं तिचं.

सांगलीत जेवणं झाली असणार, म्हणून आण्णांना फोन लावला. सगळं सांगितलं. बगळा सांगितला, गोठा सांगितला, सासू सांगितली. ते नुसतं "हं, हं" करत होते.

"दोनदा बंद पाडली दादानं," मी म्हणालो. वाटलं, हसतील.

हसले नाहीत. म्हणाले, "तू कुठं बसलावतास?"

"मागं."

इतकी वर्षं ती गाडी चालवलेला माणूस.

"मागं बसल्यावं कसं लागतं रं?" आण्णांनी विचारलं.

मी आठवून पाहिलं, खोटं सांगावंसं वाटेना.

"मऊ लागतं, आण्णा," मी म्हणालो. "पण रस्ता दिसत नाही. चालवणाऱ्याची मान तेवढी दिसते."